सुळक्याचा सातबारा

"आण्णा, ह्यो दोर म्हशीला कुणी बांधला?"

माझा आवाज असा चढला की मोनानंही मान वळवली. मोना म्हणजे माझ्या वडलांची, आण्णांची म्हैस. सकाळच्या धारा मी काढते, म्हणून मलाच आधी दिसलं. तिच्या गळ्यात माझा कातळ चढायचा दोर होता. रात्रभर खुंट्याला घासून तो मधोमध उसवला होता, आतले पांढरे धागे दिसत होते.

"मीच," आण्णा म्हणाले. "जुन्या दाव्यानं तिला काचत हुतं. ह्यो मऊ हाय की."

"ह्याच्यावर मी लोंबकळते, आण्णा. गेला आता कामातनं."

"रातभर म्हशीला पेलला, तुला न्हाय पेलायचा व्हय?"

"म्हैस वरनं पडत न्हाय."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग मला धड रागावताही येईना.

मनालीत गिर्यारोहण शिकवायची नोकरी मला चालून आली होती. उद्या उत्तर द्यायचं होतं, आणि आण्णा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. "तू चढतीस त्यो दगूड आधी बघतो, मग सांगतो," एवढंच. तो दगड म्हणजे कोकणातल्या किनाऱ्यालगत समुद्रात उभा असलेला सुळका. अवसेच्या मोठ्या ओहोटीला त्याच्या पायथ्याशी चालत जाता येतं. धारांपायी आमचं गाव कसबा बावडा सोडून कुठं न गेलेल्या आण्णांच्या डोक्यात तो पक्का बसला होता. जेवताना प्रश्न सुरू. लाटांनी हलतो का? वर गवत उगवतं का? सातबारा कुणाच्या नावावर? आज अवस, म्हणून आजच त्यांना तिथं नेऊन चढून दाखवायचं ठरलं होतं.

माझी चढाईतली जोडीदार अदिती फोनवर म्हणाली, "दुसरा दोर पन्हाळ्याला गेलाय. आज रद्द." संपलंच सगळं.

"सांजच्या धारा शेजारची बाळाबाई काढणार हाय," आण्णा हळूच म्हणाले. "नुसतं बघून तर येऊया."

मी मोटारसायकल काढली. सगळा घाट मनात चरफडत उतरले.

पोचलो तेव्हा पाणी मागं हटलं होतं. आण्णांनी विजार दुमडली आणि बाजारात म्हैस बघावी तशी सुळक्याला एक फेरी मारली. बोटांनी कातळ ठोकून बघितला, शंख-शिंपले खरवडले, खाऱ्या पाण्याचं बोट चाटलं.

"ह्यो पडत कसा न्हाय गं?"

"पडंल कवातरी."

"आन तरी तू चढतीस?"

"वर गेल्याशिवाय चैन पडत न्हाय मला."

त्यांनी मान वर करून टोक बघितलं. "सुरवात कुठनं करतीस?"

मी भेग दाखवली. त्यांनी चपला काढल्या आणि मी नको म्हणेपर्यंत पाय रोवून वर सरकलेसुद्धा. माझ्या डोक्याइतके उंच गेले आणि अडकले. ना वर, ना खाली.

मी त्यांच्या टाचेखाली दोन्ही तळहात धरले. अख्खा घाट उतरताना मागं बसून एकदाही माझ्या खांद्याला हात न लावलेला माणूस.

"धरलंस?"

"व्हय. सोडा भार."

त्यांनी सोडला, हळूहळू, सगळा. मी हलले नाही. तोंड कातळाकडंच ठेवून आण्णा म्हणाले, "मनालीला कवा जायाचं म्हणालीस?"

"एक तारखेला."

"मग बाळाबाईला सकाळच्याबी धारांचं सांगाय लागंल," ते म्हणाले आणि चाचपत दुसरा पाय खाली सोडला.