तिसरीची पिशवी

दात भाजायची भट्टी बिघडली आणि धाकटीला तीन दिवसांची सुट्टी मिळाली.

ती एका दंतप्रयोगशाळेत कामाला होती. डॉक्टर लोक तोंडाचे ठसे पाठवत. त्यावरून ही मेणाचा दात कोरायची, मग चिनीमातीचा घडवून भट्टीत भाजायची. शेजारच्या दाताशी रंग एका छटेने जरी चुकला, तर तोंडात पाहुणा येऊन बसल्यासारखा दिसतो, असलं ते नाजूक काम. भट्टी दुरुस्त करणारा म्हणाला, शुक्रवारपर्यंत काही होत नाही. तेव्हा मंगळवारी दुपारी, घरातली सगळी कपाटं आवरून झाल्यावर, धाकटी नवऱ्याच्या संगणकासमोर बसली आणि तिच्या मनात आलं, तिसरी अजून असेल का?

तिसरी कोण, ते आधी सांगायला हवं. सासरी सुना दोन, थोरली आणि धाकटी. जावा-जावांचा उभा दावा असतो म्हणतात, पण या दोघींना भांडायला वेळच मिळाला नाही, कारण थोरलीचा मुलगा शिकायला परगावी गेला आणि मागे संगणक ठेवून गेला. पोरगं रात्रंदिवस त्यात काय बघत होतं, या चौकशीपायी दोघींनी तो ऑनलाइन गेम उघडला. जगभरातली माणसं त्या काल्पनिक मुलखात उतरायची, प्रत्येकाचं एक पात्र. पात्राने हिंडायचं, लढायचं, वस्तू गोळा करायच्या, टोळी करून डोंगर ओलांडायचे. संगणक एक, म्हणून अकाउंटही एकच काढलं, धाकटीच्या नावावर. पात्रही एकच: हातात काठी घेतलेली एक धिप्पाड बाई. घरात दोन जावा होत्याच, म्हणून हिचं नाव ठेवलं तिसरी.

वार वाटून घेतले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार थोरलीचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार धाकटीचे. रविवारी तिसरीला विश्रांती. तिच्या पिशवीत चाळीस कप्पे. वरचे वीस थोरलीचे, खालचे वीस धाकटीचे. थोरली मलमं, दोर, पाती असलं कामाचं ठेवायची. धाकटी सापडेल ते ठेवायची. चार वर्षं दोघी तिसरीला आळीपाळीने खेळवत होत्या आणि दुपारच्या चहाला बसून एकमेकींच्या चुका काढत होत्या.

मग भाऊ भांडले. दोघांचं चष्म्यांचं एक दुकान होतं. नवी पाटी निळी करायची की हिरवी, यावरून सुरुवात झाली, आणि सहा महिन्यांत दुकानं दोन झाली, एक निळं, एक हिरवं. घरंही दोन झाली. भांडी वाटली, गाद्या वाटल्या. तिसरी काही मधोमध कापता येईना. थोरली ताटं वर्तमानपत्रात गुंडाळत होती, ती मान वर न करता म्हणाली, "ती तू घेऊन जा. तुझ्याच नावावर आहे. मला आता त्यात काही रस नाही."

रस नाही. धाकटीच्या हे असं जिव्हारी लागलं की तिने गेमही उघडला नाही आणि थोरलीला फोनही केला नाही. त्याला आता सात वर्षं झाली.

पासवर्ड आठवत नव्हता, पण बोटांना आठवत होता. गेम उघडला. धाकटीने तिसरीला एका लाकडी पुलाच्या तोंडाशी सोडलं होतं, तेविसाव्या पातळीवर, अंगात फाटका झगा. पडद्यावर आली ती बर्फाच्या खिंडीत उभी होती. अंगात राखाडी लोकरीचा जाड डगला, पायात खिळ्यांचे बूट, पातळी अठ्ठावन्न.

धाकटीने प्रयोगशाळेतल्या रंगाऱ्याला फोन लावला. तो दातांना छटा द्यायचा आणि उरलेला वेळ जगाला सल्ला. त्याला सगळे सर्वज्ञ म्हणत.

"खातं हॅक झालंय," सर्वज्ञ म्हणाला. "पहिल्यांदा पासवर्ड बदला, मग बाकीचं."

"पण चोराने तिला इतकं चांगलं ठेवलंय..."

"गाडी चोरणारासुद्धा तेल घालतो हो. बदला आधी."

धाकटीने बदलला. रागाच्या भरात जे सुचलं ते टाकलं: मेलीचोरटी. कंपनी म्हणाली, एक तरी आकडा हवा. मग पुढे सात टाकला. खाली बारीक अक्षरांत आलं की आता तीन दिवस पासवर्ड बदलता येणार नाही. ते तिने वाचलं आणि सोडून दिलं. दार लावलं की कडी कशी ओढतात, तसं बरं वाटलं.

मग तिने पिशवी उघडली.

वरचे वीस कप्पे भरलेले. मलमाच्या डब्या एका ओळीत, दोर एका ओळीत, पाती लहानापासून मोठ्यापर्यंत. चोर टापटिपीचा होता. खालचे वीस कप्पेही भरलेले. त्यात मातीचा एक बोकड, जीभ नसलेली घंटा, कुणा अनोळखी खेळाडूने वाढदिवसाला दिलेला केक, तीन पिसं, एक वाळका मासा, हिरव्या टोप्या दोन. सगळं धाकटीचं. सात वर्षांपूर्वी जसं कोंबलं होतं तसंच, त्याच क्रमाने.

ती खुर्चीत पुढे सरकली. हे काय गौडबंगाल? पिशवीतली जागा म्हणजे या खेळात जीव की प्राण. असा कोणता चोर असतो, जो मालकाचं भंगार अठ्ठावन्नाव्या पातळीपर्यंत पाठीवर वाहून नेतो?

इतक्यात पडद्यावर एक दाढीवाला तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. डोक्यावर नाव होतं लोहार. खाली त्याची अक्षरं उमटली.

"ताई, आज कशा काय? आज मंगळवार."

धाकटीने जरा थांबून लिहिलं, "मंगळवारी येऊ नये का?"

"या की. पण एवढ्या वर्षांत कधी आला नाहीत. तुमचे सोम, बुध, शुक्र. बाकीचे वार दुसऱ्या बाईंचे, असं तुम्हीच सांगितलंत."

धाकटीचे हात कळफलकावरून उचलले गेले. लोहार आपला लिहीतच होता.

"बरं झालं आलात. टोळी उद्या तीनला पुन्हा पूल ओलांडतेय. आता तरी चला. आठ महिने झाले तुम्ही इथेच उभ्या."

"का बरं?" धाकटीने लिहिलं.

"ताई, बरं आहे ना? दोरपुलावर पिशवी निम्मी रिकामी लागते. किती वेळा म्हटलं, खालचं भंगार फेका. कोठारवाले असलं फुटकळ ठेवून घेत नाहीत. तर तुमचं एकच. माल माझा नाही, मालकीण आली की विचारीन."

धाकटीने गेम बंद केला, निरोपही न घेता. उठून स्वयंपाकघरात गेली, आवरलेलं कपाट पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. चोर सापडला होता. आणि त्या चोराच्या तोंडावर तिने आत्ताच दार बंद केलं होतं.

उद्या बुधवार. तीनला थोरली बसणार, पासवर्ड टाकणार, आत जाता येणार नाही. अकाउंट कुणाच्या नावावर आहे ते तिला ठाऊक आहे. ती एवढंच समजेल की सात वर्षांनी धाकटीला जाग आली, आणि आली ती थेट हाकलूनच द्यायला. मग शुक्रवारीही बंदच. त्यानंतर थोरली पुन्हा कधी त्या वाटेला जायची नाही. तिचा स्वभाव धाकटीला माहीत होता. एकदा गुंडाळलेलं ताट ती परत सोडत नाही.

संध्याकाळी नवरा हिरव्या दुकानातून आला. धाकटीने चहा पुढे करता करता विचारलं, "तुमच्या दादांकडचा फोन तोच आहे का हो जुना?"

"मला काय माहीत," नवरा म्हणाला. एक घोट घेतला. "शेवटी दोन शून्यं आहेत. बदलला नसेल तर."

बुधवारी सकाळपासून तिने चारदा फोन हातात घेतला. लेखी निरोप पाठवायचा म्हटलं, तर काय लिहिणार? सात वर्षांनंतरचं पहिलं अक्षर "मेलीचोरटी"? पावणेतीन वाजले तेव्हा तिने डोळे मिटून नंबर लावला.

पलीकडून आधी शिवणयंत्राचा आवाज आला. थोरली घरी कपडे दुरुस्त करून द्यायची. फोन खांद्यात धरून शिवण मारायची सवय अजून होती.

"हॅलो, कोण?"

"ताई, मी."

यंत्र थांबलं.

"काय झालं? भावजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत. सगळे बरे आहेत." धाकटीने घसा खाकरला. "ताई, आज बुधवार."

पलीकडे कातरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग थोरली म्हणाली, "बरं. मग?"

"आज तुम्हाला आत जाता येणार नाही. मी काल पासवर्ड बदलला."

"हं." यंत्राचं चाक कुणी हाताने उगाच फिरवावं तसा आवाज आला. "तुझंच आहे ते. देऊन टाकलेली वस्तू मी तुला न विचारता वापरत होते. तू बदललास, बरोबर केलंस. ठेवते, गिऱ्हाईक यायचंय."

"ताई, ठेवू नका. मला वाटलं कुणी चोर आहे."

"चोरच की मग."

"तुम्ही आहात हे मला ठाऊक नव्हतं हो. तुम्हाला रस नव्हता ना? तुम्हीच म्हणालात."

"नव्हताच. सहा महिने नव्हता." "मग एका सोमवारी सहज बघितलं, तर बया त्या पुलापाशी उघड्यावर उभी, फाटक्या झग्यात. म्हटलं, निदान हिला छपराखाली तरी घेऊ. मग डगला शिवला. मग काय, एकातून एक."

"मंगळवारी का नाही खेळलात कधी?"

"मंगळवार माझा कुठे होता?"

धाकटीने वर बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होते.

"नवा पासवर्ड लिहून घ्या."

"नको. तुझं तुला राहू दे."

"घ्या हो ताई. लोहार खिंडीत वाट बघतोय."

"तुला लोहार कुठे भेटला?"

"काल. मी तुम्हीच आहे असं समजून बोलत होता. लिहा: मेलीचोरटी. सगळं जोडून. पुढे सात."

"काय म्हणालीस?"

"मेली. चोरटी. सात."

"मला?"

"चोराला. चोर कोण ते तेव्हा माहीत नव्हतं, सांगतेय ना."

फोनमध्ये फुसकन आवाज आला. थोरली नाकाने हसायची, तसाच. "सात वर्षांनी फोन केलास, आणि आल्या आल्या शिव्या. आणि त्या मी स्वतःच टंकायच्या, दर खेपेला."

"शुक्रवारपर्यंतच. मग बदलते."

"कशाला बदलतेस? लक्षात राहील असा आहे." खुर्ची सरकली, कळफलक वाजला. थोरली एकेक अक्षर पुटपुटत होती. "उघडलं. लोहार आलाच. विचारतोय, ताई, आज डोकं ठीक आहे का?"

"ताई, माझं सगळं टाकून द्या आणि जा त्यांच्याबरोबर पलीकडे."

"माझं काही अडलेलं नाही."

"आठ महिने एका जागी उभ्या आहात."

"हवा चांगली आहे इथली."

"ताई."

"अगं, वस्तू तुझ्या. मी कशी टाकणार?" थोरलीचा आवाज खाली आला. "एकदा तुझ्या वाटणीचं मी परस्पर ठरवलं होतं. तेवढं पुरे."

धाकटीने खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि नीट बसली. "मग वाचून दाखवा. एकेक."

"मातीचा बोकड."

"टाका."

"वाळका मासा."

"टाका. त्याचा तर वास येत असेल."

"मला नाही आला कधी. पिसं तीन."

"टाका."

"घंटा."

"तिला जीभ नाही. टाका."

"केक."

धाकटी थांबली. "तो राहू द्या."

"हिरवी टोपी."

"कोणती? दोन आहेत."

"पीस खोवलेली."

"तीही ठेवा."

"अगं, अशाने निम्मी रिकामी कशी व्हायची?"

"मग तुमच्यातलं काढा काहीतरी."

"माझ्यातलं? माझ्यात एक वस्तू बिनकामाची दाखव."

"सोळा डब्या मलम कशाला लागतं हो तुम्हाला?"

"मला नाही लागत. मी जपून लढते. तू घुसायचीस काठी घेऊन, मागचा पुढचा विचार नाही. दर बुधवारी मी हिला लेप लावत बसायचे, विसरलीस?" थोरलीने दम घेतला. "आठ काढते. आठ राहू दे."

खालच्या वीसपैकी नऊ कप्पे राहिले, वरचे अकरा. थोरलीने दोनदा मोजले. लोहार पुन्हा विचारत होता, निघायचं का.

"पलीकडे काय आहे?" धाकटीने विचारलं.

"कुणास ठाऊक. ते सगळे सांगायला बसले की मी उठून जायची. आधी ऐकलं तर मजा काय?"

"मग आता बघा. मी फोन धरून आहे."

मग कळफलक वाजला, बराच वेळ, एका बोटाने.

"काय लिहिलंत?"

"त्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. आम्ही उद्या ओलांडतो."

"उद्या गुरुवार, ताई."

"माहीत आहे. तीनला बसशील तेव्हा फोन लाव. आणि पुलावर पळू नकोस, एकेक फळी बघून पाय टाक. काय दिसतंय ते मला सांगत राहा."