पूर्ण वाचलं, सही बबिता

परभणीत पुस्तकांच्या दुकानांची एक रांगच आहे आणि त्या रांगेत गोष्टीचं पुस्तक सोडून सगळं मिळतं. तलाठी भरती, पोलीस भरती, वनरक्षक भरती, झालंच तर चालू घडामोडी. कादंबरी मागितली तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग शेजारच्या दुकानदाराकडे बघतो आणि दोघं मिळून हसतात. या रांगेच्या शेवटी सुग्रीवरावांचं ‘परग्रह’ आहे. तिथे फक्त विज्ञानकथा आणि अद्भुतकथा. मंगळावरच्या वस्त्या, उडते किल्ले, बोलणारे डोंगर. भरतीच्या गाइडला दुकानात मज्जाव. दारावर पाटीच आहे, ‘येथे गाइड मिळत नाही. विचारून मालकाचा बीपी वाढवू नये.’

असलं दुकान चालतं कसं, हा प्रश्न सुग्रीवरावांच्या बायकोलाही पडतो. चालतं ते एका चिठ्ठीवर. दुकानात काम करणाऱ्यानं पुस्तक शेवटपर्यंत वाचायचं आणि आतल्या पानावर चिठ्ठी डकवायची, ‘पूर्ण वाचलं.’ खाली सही. मग गिऱ्हाइकानं सही करणाऱ्याला त्या पुस्तकाबद्दल काय वाटेल ते विचारावं आणि त्यानं खरं उत्तर द्यावं, गिऱ्हाईक हातचं गेलं तरी चालेल. इथे माणूस टोमॅटोसुद्धा दाबून बघितल्याशिवाय घेत नाही, तो न बघितलेल्या ग्रहांवरची पुस्तकं घेतो ती या चिठ्ठीच्या भरवशावर.

सह्या करणारे दोघंच. सिद्धोधन आणि बबिता. सिद्धोधन सावकाश वाचायचा, पानाला पान लावून. बबिता पिंगळीहून रेल्वेनं यायची, जाता-येता वाचायची, जेवताना वाचायची, गिऱ्हाईक समोर उभं असताना वाचायची. कपाटात निम्म्याहून जास्त सह्या तिच्याच. सुग्रीवराव येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं कौतुक सांगायचे आणि गेल्या वर्षीपर्यंत ते कौतुक खरंही होतं.

मग तलाठी भरतीची जाहिरात निघाली. बबिताचे वडील म्हणाले, “नोकरी लागली तर लग्नाचं बगू निवांत. न्हाई लागली तर माझं ऐकायचं.” झालं. बबितानं गाइड घेतलं आणि ते दुकानात वाचायचं कसं, यावर डोकं चालवलं. ‘उडत्या किल्ल्याची राणी’ नावाच्या जाडजूड कादंबरीचं निळं कव्हर काढून तिनं गाइडला चढवलं. कॉलेजातली पोरं गाइडमध्ये कादंबरी लपवतात. ही बया कादंबरीत गाइड लपवत होती, तेही सुग्रीवरावांच्या नाकासमोर.

चिठ्ठ्या मात्र थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर मालकानं विचारलं असतं. नवीन पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणं वाचायची, मागच्या कव्हरावरचं वाचायचं, बाकीचं अंदाजानं ताडायचं आणि सही ठोकायची. एवढी पुस्तकं वाचल्यावर अंदाज चुकतो कुठे? पहिल्या सहीला तिचा हात अडखळला होता. नंतर सवय झाली.

पंचफुलामावशी त्याच दिवसांत आल्या. सोनपेठला अंगणवाडीत सेविका, मीटिंगला परभणीला आल्या की ‘परग्रह’मध्ये यायच्याच. त्यांचे यजमान तात्याराव निवृत्त शिक्षक, शुगरनं डोळे गेलेले. संध्याकाळी मावशी त्यांना पुस्तक वाचून दाखवायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रीतम पुण्याला कंपनीत होता, तो अपघातात गेला. त्यामुळे मावशींचा प्रश्न ठरलेला. पुस्तक हातात घेऊन त्या तेवढंच विचारायच्या.

“बबिते, ह्याच्यात पोरगं मरतं का गं?”

बबितानं त्यांच्यासाठी नेहमी वेचून पुस्तकं काढून ठेवलेली असायची. वाचलेली, पोरं न मरणारी. त्या दिवशी परीक्षा तोंडावर होती आणि काउंटरखाली जमीन महसूल उघडा पडला होता. तिनं समोरचं नवं पुस्तक दिलं, ‘तिसऱ्या चंद्राचा नावाडी’. निमू नावाचा पोरगा चंद्रांच्या मधून होडी नेतो, आई घाटावर दिवा लावून बसते. अशा गोष्टीत पोरगं परत येतंच.

“न्हाई मावशी. येतं की परत.”

“पूर्ण वाचलंस ना?”

“सही हाय की माझी,” बबिता म्हणाली.

मावशी गेल्या. परीक्षा झाली, बरी गेली. पुढच्या आठवड्यात चहा पिताना सिद्धोधन म्हणाला, “तो नावाडी वाचला. लय वाईट वाटलं राव. पोरगं एवढं सगळं पार करतंय आन् शेवटाला काळं पाणी अडवायला दार आतून लावून घेतंय. मरतंय तिथंच. तुला न्हाई रडू आलं?”

बबिताच्या हातातला चहा तसाच राहिला. तिला मावशींचा चेहरा आठवला, पिशवीत पुस्तक ठेवतानाचा. “आलं की,” ती म्हणाली. त्या घडीलाही ती खोटंच बोलली.

दुकानामागे जाऊन तिनं मावशींना फोन लावला. पुस्तक परत करा, एवढं म्हणायचं होतं. पण मावशीच आधी बोलायला लागल्या.

“अगं, तुझंच नाव काढायलोत आमी! लय गुतलेत बग हे त्याच्यात. रोज म्हणतात, आता निमू घरला निघाला असंल. आज संपवतो बग, थोडंच ऱ्हायलंय.”

“मावशी…”

“काय गं?”

“काही न्हाई. मी यायलेय तिकडं. मी आल्याबिगर वाचू नका.”

“ये की! मंग तूच वाच. ह्यांना बरं वाटंल.”

तब्येतीचं निमित्त सांगून ती निघाली. सुग्रीवराव म्हणाले, “जा जा, किती वाचतेस, डोळ्यांवर ताण येत असंल.” हे ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काउंटरखालून तिनं निळ्या कव्हराची ‘उडत्या किल्ल्याची राणी’ ओढली आणि पिशवीत टाकली. हे पुस्तक तिनं गेल्या वर्षी खरंच वाचलं होतं, यातली पोरगी नक्की परत येते. हे देऊ, ते परत आणू. एवढाच बेत होता.

सोनपेठची बस उसाच्या ट्रॅक्टरमागे रखडत चालली होती. एका ट्रॉलीवर ऊसतोडीला निघालेली माणसं भांड्याकुंड्यांसकट बसली होती, त्यातली एक लहान पोरगी बसकडे बघून हात हलवत होती. बबितानं हात हलवला नाही. आपण त्या म्हाताऱ्या माणसांना फसवलं, तेही कशासाठी, तर महसुलाच्या चार पानांसाठी, हेच तिच्या डोक्यात घुमत होतं. सही करताना तिला कधी वाटलं नव्हतं की या सहीवर विसंबून कुणी रोज संध्याकाळी वाट बघत बसेल.

मावशींच्या घरी पोचली तेव्हा दिवस मावळायला आला होता. अंगणात बाजेवर तात्याराव बसले होते, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, जणू कुणाच्या कार्यक्रमाला निघालेत.

“जयभीम तात्या.”

“जयभीम, जयभीम! ये पोरी. तुझ्यामुळं आज वाचायचं थांबवून ठिवलंय. सकाळधरून हिच्या मागं लागलोय.”

बबितानं पिशवीतून निळं पुस्तक काढून बाजेवर ठेवलं. “तात्या, हे दुसरं आणलंय. लय भारी हाय. ते ऱ्हाऊ द्या, आधी हे वाचू.”

“आसं कसं? पोरगं आर्ध्या वाटंत हाय आन् त्याला सोडून दुसरीकडं जायचं?” तात्याराव हसले. “हातातलं संपू दे. वाच.”

मावशींनी तिला बाजेसमोरच्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला, अंगणातला बल्ब लावला आणि खूण घातलेलं पुस्तक तिच्या हातात दिलं. बबितानं पहिल्या पानावरची चिठ्ठी बघितली नाही. ती वाचायला लागली. ही पानं तीही पहिल्यांदाच वाचत होती आणि ती सुंदर होती. निमूची होडी शेवटच्या दारापाशी आली. दारातून काळं पाणी घाटाकडे येत होतं. दार आतूनच लावता येणार होतं, लावणारा आतच राहणार होता. निमूनं घाटावरच्या दिव्याकडे बघितलं.

बबिता थांबली. तात्याराव पुढे झुकले होते.

मग ती बोलायला लागली. निमूला होडीत दोर सापडला. त्यानं दोर दाराला बांधला, बाहेरून ओढला, दार लागलं. तो होडी वल्हवत घाटाला आला. आईनं दिवा उचलून त्याच्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, किती वाळलास रे. तिला वाटलं, जमतंय. एवढं वाचल्याचा काहीतरी उपयोग झाला. आईनं भाकरी थापली, निमू जेवायला बसला, तिनं सगळं सावकाश सांगितलं आणि पुस्तक मिटलं.

तात्यारावांचा चेहरा उजळला होता, मग हळूहळू विझला.

“पोरी,” ते म्हणाले, “तू पान उलटलं न्हाईस.”

“काय?”

“येवढं वाचलंस. घाटाला आला, भाकर खाल्ली. पान येकदाबी उलटलं न्हाई. मी पानाच्या आवाजावरच असतोय.”

बबिताला तोंड कुठे लपवावं ते कळेना. मावशी तिच्याकडे बघत होत्या, रागानं नव्हे, आणि तेच तिला सोसवेना. ती रडायला लागली. “मी वाचलंच न्हवतं, तात्या. सही केली, पण वाचलं न्हाई. मावशीनं विचारलं तवा मी आसंच सांगितलं. सिद्धोधननं आज सांगितलं तवा मला कळलं.”

“मरतं ना?” मावशींनी विचारलं.

“हो.”

मावशी उठल्या आणि बाजेवर तात्यारावांच्या शेजारी, अगदी लागून बसल्या. त्यांचा हात हातात घेतला. “आता वाच,” त्या म्हणाल्या. “जे हाय ते.”

बबितानं वाचलं. निमूनं दार आतून लावून घेतलं. पान उलटलं. काळं पाणी थांबलं. आई घाटावर बसून राहिली, सकाळी लोक आले, त्यांनी तिला उठवलं. पान उलटलं. संपलं. तात्यारावांच्या बंद डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मावशी पदरानं ते पुसत होत्या, जणू हे आधीपासून ठरलेलं काम होतं.

मग मावशी सांगू लागल्या. “प्रीतमच्या वक्ताला फोन आला, हाताला लागलंय, दवाखान्यात हाय. आमी जीप करून निघालो. सोबतच्या सगळ्यांना ठावं होतं. वाटंत जिथं चहाला थांबलो तिथं हे विचारायचे, कसं हाय पोरगं? आन् सगळे म्हणायचे, बरं हाय, बोलायलंय. पुण्यापातूर बोलायलंय म्हणले. तिथं गेलो तर पांढरं कापड आधीच आणून ठिवलेलं.”

“आमच्या भल्यासाठीच बोलले ते,” तात्याराव म्हणाले.

“भल्यासाठीच,” मावशी म्हणाल्या. “म्हणून मी विचारून घेत असते, बबिते. मरतं म्हणली असतीस तरी घेतलंच असतं पुस्तक. मरत न्हाईत का पोरं? फकस्त मला आधी ठावं पाहिजे, म्हंजी त्या दिवशी मी ह्यांच्याजवळ बसून वाचीन. समोर खुर्चीवर बसून न्हाई.”

बबिता त्याच खुर्चीवर बसली होती. आपण या घरात पुन्हा तीच जीप घेऊन आलो, हे तिला कळलं. ती पुटपुटली, “चुकलं माझं.”

तात्याराव चाचपडत बाजेवरच्या निळ्या पुस्तकापर्यंत पोचले. कव्हरावरून हात फिरवला. “हे नवं का? ह्याच्यात काय हाय गं, पंचफुला?”

मावशींनी पुस्तक उघडलं. बबितानं मान वर केली आणि तेव्हा तिला आठवलं की उडत्या किल्ल्याची राणी दुकानातच आहे, उघडी, कव्हराशिवाय. मावशी एक पान वाचत होत्या. तलाठ्याची कर्तव्ये, पर्याय अ, ब, क, ड. त्यांनी दुसरं पान उलटलं. आवाज तात्यारावांनीही ऐकला.

“काय हाय?” त्यांनी पुन्हा विचारलं.

मावशी काहीही सांगू शकल्या असत्या. बबिताला वाटलं, सांगावं त्यांनी काहीतरी, राजाराणीचं, आज एवढी वेळ निभावून न्यावी.

“भरतीचं गाइड हाय,” मावशी म्हणाल्या. “पोरीचं हाय. वरून कव्हर दुसरं हाय.”

त्यांनी ते मिटून बबिताच्या मांडीवर ठेवलं. मग ‘नावाडी’ उघडला, पहिल्या पानावरची चिठ्ठी नखानं अलगद सोडवली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

“पुढल्या मीटिंगला येते मी,” त्या म्हणाल्या. “आमच्यासाठी एखादं काढून ठिव. आधी वाच. सही मंग कर.”