त्यानं हात का सोडले
माझं डोकं तापायला निमित्त लागत नाही, तेव्हा आधीच सांगतो, डॉक्टरीणबाईंवर मी उगाचच खेकसलो. त्या माझ्या नातीला उजवी मूठ उघड-मीट करायला लावत होत्या आणि पोरीची डावी मूठही आपोआप उघडत-मिटत होती. पोरगी सहा वर्षांची. शाळेतल्या बाईंना वाटायचं, मस्ती करते. मी मात्र तो डावा हात बघून "पुरे करा" म्हणून ओरडलो. असा हात मी पूर्वी पाहिला होता.

बाईंनी कागदावर रेघा ओढून समजावलं. मूल पोटात असताना मेंदूतल्या पेशींच्या तारा वाढत खाली उतरतात, बऱ्याचशा पलीकडच्या बाजूला जातात. कुठं ओलांडायचं ते जनुकं ठरवतात. हिच्या एका जनुकात खोट आहे, काही तारा ओलांडायच्या राहून गेल्या. म्हणून एका हाताला सोडलेला हुकूम दोन्ही हातांना पोचतो. घराण्यात आणखी कुणाला होतं का, असं त्यांनी विचारलं. माझी मुलगी नाही म्हणाली. तिला काय माहीत, ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

माझ्या धाकट्या भावाला होतं, पण तेव्हा आम्हाला ती नुसती त्याची खोड वाटायची. आम्ही दोघं दुकानांच्या पाट्या रंगवायचो. तो शिडीवर कोपरं अडकवत सावकाश चढायचा आणि वर गेला की डावं मनगट फडक्यानं दांड्याला बांधून घ्यायचा. मी त्याला भित्री भागूबाई म्हणायचो. त्या दिवशी सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. वेळ जातो म्हणून मी फडकं हिसकावून घेतलं. तो दुसऱ्या मजल्याएवढा वर गेल्यावर "घे" म्हणून खालून ब्रश फेकला. झेलायला त्यानं उजवा हात उघडला.

समोरच्या शिंप्यानं सगळ्यांना सांगितलं, पोरानं स्वतःहून दोन्ही हात सोडले. भांडण आठवून मीही तेच खरं धरलं. फडक्याचं कुणाजवळ बोललो नाही. चाळीस वर्षं आई मला विचारत आली, त्यानं हात का सोडले रे, माझं काय चुकलं? दर वेळी मी तिच्यावरच चिडायचो, कशाला जुनं उकरतेस म्हणून.

दवाखान्यातून निघालो तेव्हा नातीनं माझं बोट धरलं होतं. तिचा दुसरा हातही मिटलेला होता, पलीकडूनही कुणी बोट देऊन चालत असावं तसा. मला तिकडं बघवेना.

आईला तारांचं तेवढं सांगायचं आणि फडक्याचं गिळायचं, असं ठरवून मी तिच्यापुढं बसलो. पण तोंड उघडलं आणि सगळंच ओकलो.

"म्हणजे त्याला मरायचं नव्हतं," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका मोकळा झालेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. क्षणभर मलाही हायसं वाटलं. मग तिनं हळूच विचारलं, "पडताना तो तुझ्याकडं बघत होता का?"

मी हो म्हणालो.

या बोलण्याला तीन महिने झाले. आता ती मला काहीच विचारत नाही. मी शेजारी बसलेलो असलो तरी पाण्यासाठी माझ्या बायकोला हाक मारते.