काचेतला साक्षीदार

शिमग्याच्या पालखीला जमत नाहीत एवढी माणसं त्या दिवशी पांडूच्या काचेपुढे जमली होती. उमरठच्या अलीकडची ती एवढीशी वाडी, पण पोलादपूरची माणसं होती, महाडची होती, कशेडीचा घाट उतरून खेडकडचीही आली होती. देवळासमोर मांडव, मांडवात चौरंग, चौरंगावर लाल फडकं आणि फडक्यावर शाळेतल्या पाटीएवढी एक काच. काचेवर मिऱ्याची पूड सांडावी तसे बारीक काळे ठिपके. पांडू ती काच उन्हासमोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि कुणाच्या घरात मागे काय घडलं ते सांगायचा. म्हैस कुणी सोडली, वाटणीत खोट कुणी केली, सगळं.

"ही काच मामुली नाय," पांडू सांगत होता. "ह्यो आसमानचा फोटू हाय. माजा दादा साइंटिस हाय. फॉरेनच्या दुर्बिनीतून त्यो करोडो साल मागचा बगतो. मग तुमच्या पाच-धा सालाची काय बात? ग्यारंटी."

पांडू पूर्वी मुंबईत एका सिनेमाच्या थेटरात होता. बॅटरीचा उजेड पाडून लोकांना खुर्चीपर्यंत न्यायचं काम त्याच्याकडे होतं. अंधारात माणूस उजेडामागे कसा मुकाट चालतो, हे तो तिथेच शिकला असावा.

मी तेव्हा महाडला वकिली करत होतो. चौसष्ट सालची ही गोष्ट. माझी विवेकबुद्धी वगैरे नंतर जागी झाली. आधी जागा झाला तो राग, कारण माझी अशिलं एकेक करून काचेकडे चालली होती. त्यांना तरी काय बोलायचं? कोर्टात तारखेवर तारीख पडायची आणि काच उभ्या उभ्या निकाल द्यायची. न्यायाधीशाला पुरावा लागतो, काचेला नारळ पुरायचा. पण ठकूबाई माझ्याकडे येऊन दावा काढून घ्यायचं म्हणाली, तेव्हा मात्र मला राहवेना.

ठकूबाई विधवा. तिचा भाताचा एक लांबट पट्टा ओढ्याकाठी होता, तेवढ्यावर तिचं वर्ष निघायचं. शेजारचा येसाजी मोठा खातेदार. त्याचं म्हणणं असं की बांधावरचा दगड ठकूबाईच्या नवऱ्याने, म्हणजे मेलेल्या मालोजीने, सरकवला आणि पट्टा खरं तर आपला आहे. आता काचेने सांगायचं आणि पंचांनी मानायचं, असं ठरलं होतं. ठकूबाईनेही मान डोलावली होती. मी तिच्यावर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "वकीलसाहेब, काचंत त्यांनी दगड सरकवलेला दिसला तर मी पट्टा सोडते. मेलेल्या मानसाची चोरी पोटात घालून भात कसा खाऊ मी?"

यावर कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. मी पोस्टात गेलो आणि मुंबईला मुरारीला तार ठोकली.

मुरारी म्हणजे पांडूने ज्याच्या नावाचं दुकान मांडलं होतं तो दादा, त्याचा सख्खा चुलतभाऊ. वाडीतला हा मुलगा शिकत शिकत परदेशी दुर्बिणीपर्यंत पोचला आणि परत येऊन मुंबईला संशोधन करू लागला. आपला सूर्य धरून अब्जावधी ताऱ्यांचा जसा एक पुंजका आहे, तसे असंख्य पुंजके लांब लांब पसरलेत. त्यांना दीर्घिका म्हणतात. त्यांचा उजेड इथवर यायला अतोनात काळ लागतो. मुंबईचं टपाल महाडला पोचेपर्यंत त्यातली बातमी शिळी होते, तसंच हे, फक्त टपाल कोट्यवधी वर्षांचं. म्हणून लांबचं बघणं म्हणजे जुनं बघणं. जुन्या काळी या दीर्घिका आजच्यापेक्षा दाटीने होत्या का, म्हणजे विश्वाला कधीतरी सुरुवात होती का, हे मुरारी मोजत होता. आदल्या गणपतीत घरी आला तेव्हा कोपऱ्याला तडा गेलेली, कामातून गेलेली आकाशाच्या फोटोची एक काच त्याने आईला दाखवायला आणली; अशा काचेवर तारे आणि दीर्घिका काळे ठिपके होऊन उमटतात. प्रयागबाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण लेकाचं काम म्हणून त्यांनी ती देवाऱ्यात ठेवली आणि रोज हळदकुंकू वाहिलं. पांडूने ती तिथूनच मागून नेली. दादा जुनं बघतो एवढं त्याने ऐकलं होतं, आणि एवढं त्याला पुरलं.

तार मिळताच मुरारी आला. एसटीतून उतरला तो धुळीने माखलेला, आणि मांडवात शिरताच लोक त्याच्या पायांवर पडू लागले. बिचाऱ्याला पाय कुठे ठेवावेत कळेना. महाडपासून मी त्याच्याबरोबर होतो आणि वाटेत बजावलं होतं की भाषण करू नकोस. त्याने केलं. तो म्हणाला, या काचेत माणसांबद्दल काहीही नाही, ती कुणाचीही चोरी सांगू शकत नाही.

पांडूने लगेच हात जोडले. "बगा, मंडळी. खरा ग्यानी कदी म्हंतो का, माज्यात हाय म्हनून?"

लोकांना ते पटलं. कुणीतरी मुरारीला विचारलं की तुम्ही मागचं बघता हे तरी खरं का. मुरारीला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा मोठाच दोष. तो म्हणाला, हो, ते खरं आहे. मांडवात नमस्कारांची दुसरी फेरी झाली. मी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात येसाजीने चहा थांबवायला सांगितला, कारण मांडव त्याचा होता आणि चहाही त्याचाच होता. ठकूबाईला पुढे बसवलं. पांडूने काच उन्हाला लावली, लोबानाचा धूर केला आणि सुरू झाला. ओढा दिसतोय, बांध दिसतोय, पूर्वापार वहिवाट दिसतेय, उत्तरेकडची हद्द दिसतेय. मग कोपऱ्यातल्या सगळ्यांत मोठ्या, गोल, गडद ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो मालोजी. वाकून दगड ढकलतोय."

ठकूबाईने पदर तोंडाला लावला. ती रडली नाही, फक्त खाली बघत राहिली.

पण 'पूर्वापार वहिवाट' ऐकून माझे कान टवकारले होते. हे शब्द पांडूचे नव्हते, माझे होते. मग मला आठवलं की तारखेच्या दिवशी माझ्या ओसरीवर हा माणूस कायम बसलेला असायचा. मला वाटे, कुणाची तरी सोबत करायला आला असेल. आमच्याकडची माणसं वकिलाची वाट बघताना आपली सगळी केस शेजारी बसलेल्याला सांगून मोकळी होतात. म्हशी, वाटण्या, बांध, सगळं काचेत नव्हतं, माझ्या ओसरीवर होतं. मी तसं मोठ्याने सांगितलं आणि ज्यांना ज्यांना काच पावली होती त्यांना विचारलं, तुमच्यातला माझ्या ओसरीवर न बसलेला कोण? माणसं एकमेकांकडे बघू लागली.

मग मी उलटतपासणीला उभा राहिलो. साक्षीदाराला आधी खुंटीला बांधायचं, मग प्रश्न विचारायचा, एवढं वकिलीत कळतं. "पांडोबा, मालोजी म्हणजे नक्की हाच ठिपका ना? शेजारचा नाही?"

"ह्योच. ग्यारंटी."

काच मुरारीच्या हातात दिली. त्याने ती डोळ्याजवळ नेली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाला, ही काच मी महिनोन्‌महिने भिंगाखाली मोजलीय, हा ठिपका तेव्हा इथे नव्हता. झालं! नवा आला, मालोजीच आला, म्हणत मागची माणसं पुढे रेटली. पांडूचा चेहरा उजळला. शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा आम्हाला बुडवणार असं मला वाटलं.

मुरारीचं मात्र आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्याने काच आडवी केली, तिरकी केली, उलटी केली. मग म्हणाला की काचेला दोन बाजू असतात. एका बाजूला फोटोचा मसाला असतो, ती बाजू निस्तेज दिसते, आणि आकाशातून आलेलं जे काही आहे ते त्या मसाल्यात असतं. दुसरी बाजू नुसती गुळगुळीत काच. हा ठिपका गुळगुळीत बाजूला आहे. तो ठकूबाईपुढे उकिडवा बसला. "काकी, पदराचं टोक ओलं करा आणि हा पुसा."

"नाय रे बाबा. त्यांना कसं पुसू?"

"पुसा. आकाशातला असेल तर पुसला जाणार नाही."

ठकूबाईने पदर ओला केला, डोळे मिटले आणि घासलं. तिने डोळे उघडले तेव्हा काच स्वच्छ होती आणि पदराला एक पिवळट काळा डाग लागला होता. बायकांच्या घोळक्यातून प्रयागबाई पुढे आल्या, डाग नाकाशी नेऊन म्हणाल्या, "माशीचा हाय. देवाऱ्यात गुळाचा खडा ठेवते ना मी, माश्या लय बसतात."

आधी एक म्हातारी फिस्‌कन हसली, मग मांडवच हसला. येसाजीचा चहावाला हसता हसता किटली सांडून बसला. ज्या माशीने मालोजीला चोर ठरवलं होतं तिची साक्ष एका पदराने पुसली गेली होती. पांडू म्हणत राहिला की दुसरा ठिपका बघतो, पण ऐकायला कुणी थांबलं नाही.

ठकूबाई हसली नाही. तिने मुरारीला विचारलं, "म्हंजे आमचं मानूस त्यात नाय?"

"नाही, काकी. कुणीच नाही. हा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता."

"मग बरं हाय," ती म्हणाली. आणि मग मात्र ती रडली.

पुढे सरकारी मोजणी झाली. मोजणीदाराने साखळी टाकली तर दगड जागच्या जागी निघाला. मालोजीने नाही, येसाजीने नाही, कुणीच तो हलवला नव्हता. पट्टा ठकूबाईकडे राहिला. पांडू मुंबईला परत गेला, सध्या काय करतो माहीत नाही. पुढच्या गणपतीत मी मुरारीला विचारलं की विश्वाला सुरुवात होती का. तो म्हणाला, अजून माहीत नाही, मोजतोय.

वाचकहो, मला सांगायचं आहे ते एवढंच. एवढी मोठी दुर्बीण पाठीशी असून जो 'माहीत नाही' म्हणतो, आणि पाटीएवढ्या काचेवर जो ग्यारंटी देतो, त्या दोघांतला आपला माणूस कोण हे ठरवायला शास्त्र शिकावं लागत नाही. उद्या कुणी तुमच्या घरच्या माणसाचा गुन्हा असाच कशात तरी दाखवू लागला, तर पाया पडण्याआधी पदराचं टोक ओलं करा आणि पुसून बघा.