लेबलवरचं सेलेनियम

ठमी चोवीस दिवसांची होती आणि वजन जेमतेम नऊशे ग्रॅम. तेरा आठवडे आधीच येऊन धडकलेली. नाव नर्सनं ठेवलेलं. दूध पचत नव्हतं, म्हणून तिचं सगळं पोषण शिरेतून जायचं. त्या पिशव्या तळमजल्यावरच्या फार्मासिस्ट बाई भरायच्या. वीस वर्षं हेच काम.

त्या सोमवारी बाईंनी लेबल छापलं आणि सही करता करता हात थांबला. लेबलवर सेलेनियम होतं, पिशवीत नव्हतं. पुरवठा बंद होऊन तीन आठवडे झाले होते, पण संगणक इमानेइतबारे रोज ते छापत होता आणि बाई डोळे झाकून सही ठोकत होत्या. त्यांना स्वतःचीच चीड आली. ती ओळ खोडून त्यांनी शेजारी लिहिलं, ‘घातलेलं नाही’, आणि पिशवी वर नवजात कक्षात पाठवली.

दहा मिनिटांत विभागप्रमुख डॉक्टरांचा फोन. “बाई, हे काय आरंभलंय? आईबाप वाचतात ते!”

“वाचू देत की.”

“अहो, कणभर वस्तू ती.”

“बाळ तरी केवढं आहे, सर?”

“नवं लेबल पाठवा.”

“नाही पाठवणार.”

दुपारी ठमीची आई फार्मसीच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. ती बस कंडक्टर होती. हाती आलेला कागद वाचल्याशिवाय सोडायची नाही. “सेलेनियम म्हणजे काय? सरळ सांगा.”

“जंतूंशी लढायला शरीराला लागतं. शेवटच्या आठवड्यांत बाळ आईकडून ते साठवून घेतं. हिला ते आठवडेच मिळाले नाहीत.”

“दोनदा जंतुसंसर्ग झाला तिला. यामुळेच?”

“ते छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. पण द्यायला हवं होतं, दिलं नाही, आणि दिलं असं लिहिलं. हिच्या एकवीस लेबलांवर माझी सही आहे.”

आई म्हणाली, “तुमच्यावर ओरडायचंय मला. पण आधी सांगा, ते मिळतं कुठं?”

बाईंनी अकरा इस्पितळांना फोन लावले. शहराच्या दुसऱ्या टोकाला साठा निघाला, पण मागणीपत्रावर विभागप्रमुखांची सही हवी होती. आई त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“नंतर या.”

“नाही. दिवसभर उभं राहायचीच नोकरी आहे माझी. तुमचं चालू द्या.”

तासाभरात सही झाली. संध्याकाळी ठमीसकट कक्षातल्या सातही बाळांच्या पिशव्यांत सेलेनियम गेलं.

आठवड्यानं बाईंच्या हाती दोन कागद पडले: खुलासा द्या, आणि भांडारात बदली. खुलाशात त्यांनी लिहिलं, “लेबल खोटं होतं. आधीच्या सगळ्या सह्यांबद्दल माझी चौकशी जरूर करा. लेबलं तशीच छापायला सांगणाऱ्यांचीही करा.”

ठमीला तिसरा संसर्ग झाला नाही. दहा आठवड्यांनी ती घरी गेली. कशामुळे वाचली, ते बाईंनी कधीच ठासून सांगितलं नाही. बदलीच्या आदेशावर मात्र तो हाती पडला त्याच दिवशी ठळक अक्षरांत ‘अमान्य’ लिहून त्यांनी तो परत पाठवला, आणि दुसऱ्या सकाळी आठच्या ठोक्याला त्याच खोलीत हातमोजे चढवून पिशव्या भरायला घेतल्या.