नटाखालची रुपयाएवढी जागा

मी बिरदेवच्या जुन्या पिकअपचा मागचा डावा दिवा बोलतोय. पुढचे दोन दिवे मोठे. रस्ता, वळणं, येणारी गावं सगळं त्यांच्या वाट्याला. मला दिसतं ते सुटून गेलेलं. गाडी पाचगणीला निघाली की मी वाईकडे तोंड करून जातो. पण मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पुढचं बघायला सगळेच असतात. मागून कोण अंगावर येतंय ते बघायला पण कुणीतरी लागतंच की.

आज मी लय खुशीत आहे. बोलता बोलता मध्येच उड्या मारायला लागलो तर सांभाळून घ्या.

मी नवा होतो तेव्हा माझी तांबडी काच अशी चकचकीत होती की त्यात बघून माणसं केस सारखे करायची. माझे पहिले मालक नाथाजी, पाचगणीच्या अलीकडचे शेतकरी. गाडीत स्ट्रॉबेरीचे खोके भरलेले असायचे. त्या वासानं मला गुंगी यायची. पहिल्या वर्षी नाथाजी मला रोज रुमालानं पुसायचे. दुसऱ्या वर्षी फक्त दसऱ्याला. नंतर पावसानं धुतलं तेवढंच. माणसांचं असंच असतं, वस्तू नवी असते तोवर ती देव्हाऱ्यातली.

मग मी कुपवाडला एका छोट्या कारखान्यात गेलो. तिथं लोखंडी सामान वाहिलं. एकदा एक दांडी निसटून माझा कोपरा उडाला. कुणीतरी तांबडी टेप चिकटवली, ती अजून आहे. तिथंच मला माणसांची दुसरी खोड कळली. वायर कुठं तुटली ते शोधायचा त्यांना कंटाळा. तुटलेली तशीच ठेवायची आणि शेजारनं दुसरी टाकायची. असं करता करता माझ्या पाठीमागं पिवळी, हिरवी, निळी असा गुंता झाला. त्यात एक वायर तर जुन्या रेडिओची होती. तिचा कशाशीच संबंध नव्हता, पण तिला काढायचं धाडस कुणाला झालं नाही.

तिथून मला बिरदेवनं आणलं, जतच्या बाजूला. त्याच्या घरात मेंढरं होती, थोडी शेती होती, आई धोंडुबाई होती आणि नवी नवरी राणी होती. मेंढरं गाडीत चढायच्या आधी मला चाटायची. खरबरीत जिभेच्या गुदगुल्या मी सांगू शकत नाही.

दिवाळीत राणीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण राणीचं माहेर पायानं चालणारं. तिची आई हरणाबाई आणि भाऊ तानाजी दिवाळीच्या आधीच मेंढरं घेऊन बाहेर पडलेले. आज या रानात, उद्या त्या रानात. म्हणून बाळंतपण सासरीच झालं आणि आजीनं नातीचं तोंड पाहिलंच नाही.

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव ठेवलं समीक्षा. बिरदेवचा आनंद कुठं मावेना. पोरीच्या नावानं गाडी नवी करायची म्हणून त्यानं पिवळ्या रंगाचा डबा आणला. धोंडुबाईंनी बिरोबाचं नाव घेऊन मूठभर भंडारा त्या डब्यातच टाकला आणि काठीनं ढवळला. सांगितलं, एक बोटभर जागा उघडी ठेवू नको. मग काय, बिरदेवनं मला खोलून बाजूला ठेवलं, माझ्या मागचा पत्रा रंगवला, नट बसतो ती जागा रंगवली, वाळल्यावर मला परत घट्ट बसवलं आणि वरून नटालाही एक हात दिला.

त्या दिवसापासून मी वेडा झालो.

ब्रेक दाबला की मी भगभगीत पेटायच्या ऐवजी मिणमिणायचो. डावीकडं वळायचं म्हटलं की नंबरप्लेटचा दिवा उड्या मारायचा आणि पलीकडचा माझा जोडीदार डोळे मिचकवायचा. मला आवरतच नव्हतं. एकदा मागच्या एसटीच्या ड्रायव्हरनं बाहेर डोकं काढून विचारलं, ‘‘आरं गड्या, कुठं जायचं ते ठरव की एकदा.’’ मला हसू आलं. हसलो की आणखी मिणमिणायचो.

राणी मात्र हसली नाही. ती काळजीची बाई. बाळ झोपलं की त्याच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघायची. एकदा बघून भागायचं नाही, चार वेळा बघायची. गाडीचं मागचं फळकं लागलं का तेही उतरून बघायची. तिनं बिरदेवला बजावलं, दिवा नीट होईतो दिवस मावळायच्या आत घरी. तो बिचारा अडीच महिने तसाच वागला.

मग परवा तानाजीचा फोन आला. कळप पाचगणीच्या पुढं एका रानात उतरलाय. उद्या रात्र तिथं काढायची आणि परवा पहाटे कोकणात उतरायचं. एकदा उतरले की मिरगाशिवाय माघारी नाहीत. आई सारखी एकच म्हणते, पोरीला एकदा बघू द्या.

बिरदेव म्हणाला, सकाळी निघू, सांजच्याला पोचू.

राणी उठली. बाळाला खांद्यावर घेऊन माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘आवं, घाटात आंधार पडंल. वर आभाळ आलंय म्हनं, धुकं आसंल. ह्यो दिवा आसा येडा. मागनं कोन आदळलं तर? माझं काय न्हाई वो. हिला कशी बसवू?’’

बिरदेव म्हणाला, वाटेत कुपवाडला दिवा करून घेऊ. नाहीच झाला तर माघारी फिरू. राणीनं मान हलवली, पण पिशवी भरताना तिचे डोळे पुसणं चाललं होतं.

कुपवाडला जयराज नावाचा गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री आहे. हात सोन्याचा, फक्त घाई फार. त्यानं आधी माझा बल्ब बदलला. मी मिणमिणलो. मग फ्यूज बदलला. मी मिणमिणलो. त्यानं वायर न् वायर तपासली, रेडिओची पण तपासली. माझी काळी वायर जिथं पत्र्याला नटानं बसवलेली असते तिथं पाना लावून बघितला. नट घट्ट होता. वरून छान पिवळा. ‘‘अर्थिंग ओक्के हाय,’’ म्हणून तो पुढं सरकला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला एवढंच येतं, लागणं आणि विझणं.

अकराच्या सुमाराला त्यानं हात पुसले. सगळं वायरिंगच कामातनं गेलंय, नवं टाकावं लागेल, गाडी ठेवून उद्या या, असं म्हणाला. बिरदेवनं राणीकडं बघितलं. उद्या म्हणजे आजी कोकणात.

राणी टायरवर बसून बाळाला थोपटत होती. ती हळूच म्हणाली, ‘‘भाऊ, एक इचारू का? हिला घिऊन दवाखान्यात गेलं की डाक्टर आदी इचारत्यात, कवापास्नं हाय? त्याच्या आदी काय दिलंतं? तुमी ह्येला ते इचारलंच न्हाई.’’

जयराज हसला. ‘‘बरं, सांगा वैनी. कवापास्नं हाय?’’

‘‘बारशाच्या दुसऱ्या दिवसापास्नं.’’

‘‘आन् आदी काय दिलंतं?’’

‘‘रंग.’’

जयराजचं हसू थांबलं. तो माझ्याजवळ खाली बसला. नखानं नट टोकरला. मग कपाळावर हात मारला आणि बिरदेवला समजावलं, की वायरीतनं आलेल्या करंटाला पत्र्यातनं माघारी जायची वाट लागते, आणि तुम्ही त्या वाटेवरच जाड रंग दिलाय. नट घट्ट आहे, पण बसलाय रंगावर. मग करंट दुसऱ्या दिव्यांच्या दारातनं घुसतो, म्हणून सगळे नाचतात.

‘‘खरवडू?’’ त्यानं पॉलिश पेपर काढला.

बिरदेव दचकला. त्या रंगात भंडारा होता. पोरीच्या नावानं दिलेला. त्याला काही ते धजेना.  शेवटी त्यानं आईला फोन लावला आणि चाचरत सगळं सांगितलं. फोन एवढा मोठा लावलेला की मलाही ऐकू आलं.  धोंडुबाई म्हणाल्या, ‘‘देवाला काय नटाखाली बसायचं हाय व्हय रं? खरवड आन् पोरीला आज्जीकडं घिऊन जा.’’

जयराजनं रुपयाएवढी जागा खरवडली. आतला पत्रा चांदीसारखा निघाला. काळी वायर त्यावर बसवली, वर जरा ग्रीस लावलं, नट आवळला. बिरदेवनं ब्रेक दाबला.

काय सांगू तुम्हाला. अडीच महिन्यांनी मी भरून पेटलो. पलीकडचा जोडीदार पण शहाण्यासारखा पेटला. राणीनं पुन्हा दाबायला लावला, पुन्हा, आणखी एकदा. चार वेळा बघितल्यावर ती गाडीत बसली.

कराड गेलं, सातारा गेलं. घाट चढायला लागलो आणि खरंच धुकं आलं. दुधात बुडाल्यासारखं. मला मागं फक्त पिवळे ठिपके दिसत होते. आधी एक टॅक्सी मागं लागली, मग दुसरी, मग पुण्याकडची एक मोठी चकचकीत गाडी. एकही पुढं जाईना. सगळ्या मला बघून चालत होत्या. मी तुटका, टेप लावलेला, आणि माझ्यामागं एवढी वरात. माझी मान असती तर ताठ झाली असती. मध्येच राणीनं खिडकीतून डोकं काढून मी लागलोय का ते बघितलं. मी लागलोच होतो.

पाचगणीच्या पुढं गाडी रानात वळली तेव्हा दिवस बुडाला होता. मेंढरांची बें बें ऐकू आली, कुत्री भुंकली. मला वाटलं, आता भेट होणार पुढं, आणि मी बघणार धुकं. पण हरणाबाई लगबगीनं आल्या आणि बाळाला घेऊन धुक्यात चाचपडायला लागल्या. तळावर वीज नाही. तानाजीचा फोन कधीच मेलेला, बिरदेवचा घाटात संपलेला. पुढच्या मोठ्या दिव्यांपुढं धरलं तर पोर डोळे गच्च मिटून तोंड फिरवायची, आणि बाजूला नेलं तर तिचं तोंड काही दिसेना.

‘‘आय, हिकडं ये,’’ राणीनं तिला गाडीच्या मागं आणलं, माझ्यापुढं. मग ओरडून नवऱ्याला सांगितलं, ‘‘आवं, ब्रेक दाबून धरा.’’

मी होतो तेवढा सगळा पेटलो. तांबड्या उजेडात हरणाबाईंनी नातीला निरखलं. कपाळ बघितलं, बोटं मोजली, कान बघितले. समीक्षा माझ्याकडं टक लावून बघत होती आणि मग हसली.

‘‘नाक माझं हाय,’’ हरणाबाई म्हणाल्या.

‘‘पाय दुखाय लागला,’’ बिरदेव आतून म्हणाला.

‘‘दुखू द्या,’’ दोघी एकदम म्हणाल्या.

पहाटे मेंढरं कोकणाकडं उतरली. हरणाबाई वळणापर्यंत मागं वळून बघत गेल्या. गाडी घराकडं तोंड करून उभी होती, म्हणून त्या दिसेनाशा होईपर्यंत मला दिसल्या.

आता मी घरी आहे. कोपरा तुटका, टेप जुनी, रेडिओची वायर अजून तिथंच. मला त्याचं काही नाही. समीक्षाचं पहिलं वर्ष झालं की बिरदेव पुन्हा डबा आणणार, हे मला माहीत आहे. आणू दे. भंडारा टाका, सगळी गाडी पिवळी करा, मलाही एक बोट लावा हवं तर. फक्त नटाखालची ती रुपयाएवढी जागा तेवढी सोडा. मिरगाला आजी माघारी येईल. तोवर पोरीला दात आलेले असतील, ते मोजायला उजेड लागेल.