सलगमाचं शेत आणि बादलीभर सफरचंदं

ऑर्लिन स्कारने उभ्या जन्मात मातीत काही लावलं नव्हतं. वाफे मेव्हिसचे, कुदळ मेव्हिसची, आणि त्या वाफ्यांतली होस्टाच्या शोभेच्या रोपांची कोवळी पानं रातोरात फस्त करणारी हरणं तेवढी ऑर्लिनची. निदान मेव्हिस तरी तसंच म्हणायची. सकाळी खिडकीचा पडदा सारून ती सांगायची, "तुझी माणसं जेवून गेली रे. देठ ठेवलेत. आपल्यासाठी असतील."

त्याच ऑर्लिनने यंदा ऑगस्टात लाल गोठ्यामागचा अर्धा एकर नांगरला. माती तपासून आणली, तिला चुना दिला, आणि सलगम, राय गवत, क्लोव्हर असं चाऱ्याचं बी मुठीमुठीने फेकलं. सगळं हरणांसाठी.

"चाळीस वर्षं टोमॅटोला पाणी घाल म्हणते, तर कंबर दुखायची," मेव्हिस म्हणाली. "हरणांनी कसलं औषध दिलं?"

कंबर नव्हे, खुबा होता. वसंतात त्याचा खुब्याचा सांधा बदलला होता. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली, शिडीची दिली नाही. आणि ऑर्लिनची शिकार म्हणजे वरच्या कड्यावरच्या ओकातलं मचाण. त्याच्या बापाने ठोकलेलं, त्याने तीनदा दुरुस्त केलेलं. दवाखान्यातल्या खाटेवर, औषधाच्या गुंगीत, तो मेव्हिसच्या धाकट्या भावाला, लेलँडला, बोलून गेला होता : "या नोव्हेंबरात माझ्या हातून हरीण पडलं नाही, तर बाबांची बंदूक तुझी."

गुंगी उतरली, शब्द उतरले नाहीत. लेलँडला बायकोचा वाढदिवस आठवत नसे, पण हे आठवत होतं. तो आला की कोपऱ्यातल्या बंदुकीला नमस्कार केल्यासारखी टोपी काढायचा. "सांभाळ हं हिला," म्हणायचा. "मी न्यायच्या आधी गंजायला नको."

म्हणून हे शेत. मला वर जाता येत नाही ना, मग त्यांनी खाली यावं. बांधाशी ऑर्लिनने प्लायवूडची एक खोपी उभी केली, आत दोन खुर्च्या ठेवल्या, समोरच्या झाडाला कॅमेरा बांधला; काही हललं की फोटो काढणारा.

शेत उगवलं, आणि काय उगवलं! पानावर पान, हिरव्यावर हिरवं. संध्याकाळी वारा आला की अख्खा तुकडा एकदम मान हलवायचा, कुणीतरी काहीतरी विचारल्यासारखा. ऑर्लिन काठी टेकत बांधावर जाई आणि पोरीच्या लग्नात बाप उभा राहतो तसा उभा राही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. हरणं यायची ती सलगमाच्या कडेकडेने, पाहुण्यांच्या अंगणातून जावं तशी पाय उचलून, सरळ मेव्हिसच्या वाफ्यात.

"कडाक्याची थंडी पडू दे," ऑर्लिन म्हणायचा. "तोवर पाला कडू असतो. एकदा दव गोठलं की साखर उतरते त्यात."

"उतरेल हं," मेव्हिस म्हणायची, आणि त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढायची. तिचा आवाज इतका मऊ व्हायचा की ऑर्लिनला भीती वाटे. ती टोमणा मारत नव्हती. याचा अर्थ तिला त्याची कीव येत होती.

हंगाम शनिवारी सुरू व्हायचा होता. बुधवारी सकाळी लेलँड कॉफीला आला. ऑर्लिनने कॅमेऱ्यातलं कार्ड आणून लॅपटॉपमध्ये घातलं आणि तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डोकी जुळवून बसले. म्हणजे दोघं बसले. मेव्हिसला अचानक ओव्हन पुसायचा होता.

पहिला फोटो : संध्याकाळचा उजेड, सलगम, आणि एक मोठी पाठ.

"अस्वल," लेलँड म्हणाला.

"अस्वलाने माझे बूट घातलेत," ऑर्लिन म्हणाला.

दुसऱ्या फोटोत अस्वलाच्या हातात बादली होती. तिसऱ्यात ते बादली ओतत होतं. चौथ्यात ते कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन, हा कसला डबा म्हणून, डोळे बारीक करून बघत होतं. आणि ते अस्वल म्हणजे मेव्हिस होती. पाचव्या फोटोत मात्र हरणाचा नर होता. शिंगांची केवढी ती फांदी! मान खाली, गळा जाड, आणि तोंडात सफरचंद.

असा नर ऑर्लिनने मचाणावरून आयुष्यात दोनदा पाहिला होता. मग त्याने मागे जाऊन बादलीचा फोटो पुन्हा उघडला.

"मेव्हिस," तो म्हणाला, "सफरचंदं टाकलीस?"

"चार पडलेली सफरचंदं. झाडाखाली कुजलीच असती."

"झाड घराशी आहे. शेतापर्यंत चालत गेलं का ते?"

लेलँडने कप खाली ठेवला. त्याला पुढचं कळलं होतं. "मेव्हिस, आपल्या जिल्ह्यात हरणासाठी पेरलेलं चालतं. आमिष म्हणून ओतलेलं चालत नाही. ओतलेलं उचललं, तरी दहा दिवस तिथे बंदूक धरता येत नाही."

"मग दहा दिवस थांबा."

"हंगाम नऊ दिवसांचा असतो."

ओव्हन पुसणारा हात थांबला. "हे कुठलं शहाणपण? अर्धा एकर ताट वाढलं तर शेती, आणि बादलीभर फराळ ठेवला तर गुन्हा?"

कायदा असाच आहे, हे दोघांना लहानपणापासून ठाऊक होतं.

"कोण बघतंय?" लेलँड खिडकीकडे पाहत म्हणाला. "मी तर आज कॉफीला आलोच नव्हतो."

ऑर्लिनने लॅपटॉप मिटला. "कोपऱ्यावरच्या हान्सनने हरणांसाठी भोपळे टाकले होते, तेव्हा मी त्याच्याशी दोन वर्षं बोललो नाही. आता स्वतःशी अबोला धरू?" तो उठला, काठी घेतली, बादली घेतली. "बंदूक शनिवारी ने. ठरलं ते ठरलं."

तो सलगमाच्या सरीसरीतून वाकत गेला आणि एकेक फळ वेचत राहिला. थोड्या वेळाने शेजारी दुसरी बादली आली.

"तू म्हणायचास थंडी पडू दे," मेव्हिस म्हणाली. "मला वाटलं, हरलेला माणूस बोलतो ते."

"माहीत आहे. तू बटाटे वाढत होतीस."

शुक्रवारी रात्री आभाळ स्वच्छ झालं आणि जे पडायचं ते पडलं. शनिवारी उजाडायच्या आत दोघं खोपीत जाऊन बसले. बंदूक घरी होती. तरी दोघांनी नारिंगी जाकिटं घातली होती, कारण कड्यावर बसलेल्या लेलँडच्या नेमाचं काही सांगता येत नाही, असं मेव्हिसचं मत होतं. थर्मासमधली कॉफी झाकणातून आळीपाळीने चालली होती. लांब डोंगरांत पहिले बार वाजले. शेत पांढरं झालं होतं, पानापानावर गोठलेल्या दवाची, मिठासारखी कड.

तो नर आला. जिथे सफरचंदं होती तिथे नाक लावून त्याने जरा वेळ वाट पाहिली. मग त्याने एक पान तोडलं, थांबला, पुढच्या खुराने माती उकरली आणि अख्खं सलगम उपटून कराकरा चावायला लागला. तो आवाज खोपीपर्यंत ऐकू येत होता. ऑर्लिनला वाटलं, एवढं गोड काही आपण आजवर ऐकलं नाही.

"सलगम," तो कुजबुजला.

"सफरचंद संपलं म्हणून," मेव्हिस कुजबुजली. पण तिने आपला हातमोजा त्याच्या हातमोज्यावर ठेवला आणि नर पोट भरून जाईपर्यंत काढला नाही.

दुपारी लेलँड गॅरेजात आला. तिथल्या भिंतीवर शर्टांच्या शेपट्या टांगलेल्या होत्या. नेम चुकला की शर्टाची मागची शेपटी कापायची, नाव आणि साल लिहून खिळ्याला लावायची, ही त्यांच्या बापांपासूनची रीत. ऑर्लिनच्या तीन होत्या. लेलँडच्या मोजल्या तर वाळत घातलेलं धुणं.

ऑर्लिनने बंदूक पुसून, तेल देऊन, ब्लँकेटात गुंडाळून टेबलावर ठेवली होती. लेलँडने तिच्याकडे पाहिलं. टोपी काढली नाही.

"न्याय करायचा तर नीट करू," तो म्हणाला. "हरीण आलं होतं?"

"आलं होतं."

"तुझ्या शेतात, तुझ्या सलगमावर?"

"सलगमावरच," ऑर्लिन म्हणाला, जरा मोठ्याने, कारण मेव्हिस दारात होती.

"मग हरीण तुझ्या हातून हुकलं नाही. ते हुकवलं मेव्हिसने." त्याने ब्लँकेटातली बंदूक उचलून ऑर्लिनच्या मांडीवर ठेवली. "बंदूक पुढच्या वर्षापर्यंत इथेच. कात्री आण."

मेव्हिस निमूटपणे आत आली, जाकीट काढलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. चौकड्यांचा लाल शर्ट, कोरा करकरीत. लेलँडने शेपटी कापली. ऑर्लिनने पेन घेतलं, कापडावर मेव्हिसचं नाव लिहिलं, साल लिहिलं, आणि चौथ्या खिळ्याला, आपल्या तिन्हींच्या शेजारी, अडकवलं. दोन पावलं मागे सरून तो बघत राहिला. मग त्याने कापड परत हातात घेतलं.

"मेव्हिस, हा माझा नवा शर्ट आहे."

"हो," ती म्हणाली. "म्हटलं, आज कापणार हे नक्की. माझा कशाला फुकट घालवू?"